नऊ म्हणा, नव्वद मिळवा

एका जंगलात, मुलांनो, जिथे झाडं मोजता येण्याइतकी उरली होती आणि समित्या मोजता येत नव्हत्या, तिथे एक साळिंदर राहत होतं. आडनाव काटदरे. अंगावर एवढ्या लेखण्या उगवलेला प्राणी आणखी काय करणार? तो कोड लिहायचा.

कोड म्हणजे काय, हे मला विचारू नका. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण गोष्ट सांगायला ती कळावीच लागते, असं कुठे आहे?

नदीच्या बंधाऱ्यावर नांगरे नावाचा खेकडा बसायचा. पाणी किती हात चढलं हे तो मोजायचा आणि हुकूम येईल तितकी बोटं बंधाऱ्याचं दार उघडायचा. पण त्याला बोलता येत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. त्याला दोनच गोष्टी यायच्या. नांगी उघडायची आणि नांगी मिटायची. उघडली की एक, मिटली की शून्य. चार उघडझापांचा एक अंक, त्यांची किंमत ओळीने आठ, चार, दोन आणि एक, आणि दोन अंकांची एक संख्या.

नांगरेच्या नांगीला बांधलेली वेल काटदरेच्या बिळापर्यंत येत असे. वेलीला बसणारे हिसके वाचून पाटीवर आकडा दाखवायचा, आणि पाटीवर लिहिलेला हुकूम हिसक्यांनी नांगरेला पोहोचवायचा, एवढंच त्या कोडाचं काम.

पण नांगरेसारखे आणखीही होते. काजवा अंधार मोजायचा, रातकिडा उकाडा मोजायचा, सुतारपक्षी झाडं किती पोखरली आहेत ते मोजायचा. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून प्रत्येकाचा कोड वेगळा. काटदरेची पाठ दुखायला लागली. स्वतःचे काटे उपटून लिहायचं म्हणजे ती दुखणारच.

मग त्याला युक्ती सुचली. कोड लिहायचाच नाही. कोड लिहिणारं यंत्र बनवायचं. एका बाजूने प्राण्याचं वर्णन टाकलं की दुसऱ्या बाजूने वाचायचा आणि लिहायचा, दोन्ही कोड तयार.

"आता माझ्या हातून चुका होणार नाहीत," तो बायकोला म्हणाला.

"मग कुणाच्या हातून होणार?" सगुणाने विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

आता नीट ऐका. पंचवीस लिहिताना आपण आधी दोन लिहितो, मग पाच. पण पंचवीस म्हणताना? आधी पाच येतात, मग वीस. नांगरे संख्या म्हणतात तशी पाठवायचा. काटदरेचं यंत्र संख्या लिहितात तशी वाचायचं. दोघेही मराठीच, त्यामुळे विचारून घ्यायची गरज कुणालाच वाटली नाही.

चाचणीला समितीचे अध्यक्ष हत्तीसाहेब आले. काटदरेने पंचवीस पाठवून "हाच आकडा परत पाठव" असा हुकूम सोडला. नांगरेला मिळाले बावन्न. त्याने इमानदारीने बावन्न परत पाठवले. पाटीवर पंचवीस उमटले. जाताना उलटं झालेलं येताना सुलटं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काटदरेनेही वाजवल्या, जरा जास्तच.

उन्हाळ्यात एकदा पाटीवर एकसष्ट आलं. चाळीस हातांच्या वर गेलं की पूर, असा नियम होता. सगळं जंगल पिल्लं उचलून टेकडीवर पळालं. वरून पाहिलं तर नदी सुकत चाललेली.

"हा सराव होता," काटदरे म्हणाला. नांगरेची नांगी झिजली असणार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. कोडावर त्याने संशय घेतला नाही. तो त्याने लिहिलाच कुठे होता?

मग पावसाने झड लावली.

"अहो, दारात पाणी आलंय," सगुणा म्हणाली.

काटदरेने पाटीकडे पाहिलं. "सोळा हात. दार बंदच ठेवायचं."

"माझे पाय भिजलेत."

"सगुणा, तुझे पाय हे काही मोजमापाचं साधन नाही."

सगुणा वाद घालत बसली नाही. ती पिल्लांना घेऊन टेकडीकडे निघाली. धाकटी इवली मात्र हटून बसली. बाबा म्हणतात म्हणजे सोळाच असणार, असं तिचं म्हणणं. "तिला घेऊन लगेच या," असं बजावून सगुणा थोरल्यांना सोडायला गेली.

पाणी बोटाबोटाने चढत राहिलं, पण अजून पुरता एक हात चढलं नव्हतं. पाटी सोळावरच होती.

"बाबा, सोळा म्हणजे किती?"

"कमी. अगदी कमी."

"मग तोंडात का जातंय?"

काटदरेने वेलीसकट पाटी उचलली. ती गळ्यात अडकवून आणि इवलीला तोंडात धरून तो बाहेर पडला. टेकडीची वाट पाण्याखाली गेली होती. साळिंदर पोहतं बरं, पण त्या दिवशीची नदी वेगळी होती. कसाबसा तो बंधाऱ्याच्या दगडावर चढला आणि इवलीला त्याने खाली ठेवलं. दगड बुडायला थोडाच अवकाश होता. त्याने पाटीवर नव्वद लिहिलं.

दार नऊ बोटं उघडलं.

काटदरेने नांगरेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच. नांगी हलत होती. मिट, मिट, मिट, उघड. एक. मग मिट, उघड, उघड, मिट. सहा.

"एक, सहा," काटदरे पुटपुटला. "एक आणि साठ. एकसष्ट." आपल्याच तोंडून आधी एक बाहेर पडलेला त्याने ऐकला. त्याला एवढी शरम वाटली की काटे असते तर उभे राहिले असते. पण ते त्याने लिहिण्यात संपवले होते.

कोड सुधारायला वेळ नव्हता. त्याने नव्वद पुसलं आणि नऊ लिहिलं, म्हणजे आधी शून्य, मग नऊ.

दार नव्वद बोटं उघडलं. पाणी उतरलं. इवलीला खोकला आला आणि त्या खोकल्याने काटदरेला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तो सुधारलेलं यंत्र घेऊन समितीपुढे उभा राहिला आणि सगळं कबूल केलं.

"काजवा, रातकिडा, सुतारपक्षी, सगळ्यांचे कोड याच यंत्रातून निघाले ना?" हत्तीसाहेबांनी विचारलं.

"हो, साहेब."

"म्हणजे सगळेच उलटे?"

"सगळे."

"एकसारखे उलटे?"

"अगदी एकसारखे."

"मग अडचण काय आहे?" हत्तीसाहेब म्हणाले. "काल तुम्ही नऊ लिहून नव्वद उघडलंत. तेच सगळ्यांना शिकवू. आता मध्येच सुलटं केलंत तर केवढा गोंधळ होईल."

तसा ठराव झाला. जंगलाला वाचवल्याबद्दल काटदरेला शाल आणि श्रीफळ मिळालं. नांगरेला ताकीद मिळाली. नको नको म्हणायचं काटदरेच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण शाल उबदार होती.

संध्याकाळी तो शाल पांघरून टेकडीवरच्या नव्या बिळात शिरला.

"पाणी किती आहे?" सगुणाने विचारलं.

"एकवीस हात."

"खरं, की तुमचं?"

काटदरेने शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. इवली त्याच्या मांडीवर होती. ती हळूच उठली आणि आईजवळ जाऊन बसली.

तात्पर्य : मुलांनो, चूक कधीही एकट्याने आणि एकदाच करू नये, तिला चूकच म्हणतात. चुका करणारं यंत्र बनवावं. सगळीकडे एकसारखी झाली की तिला पद्धत म्हणतात, आणि पद्धतीला शाल मिळते.