उलटून न पाहिलेला टायर

साल १९५३. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला पाच वर्षं होत आली होती. औरंगाबादेच्या आसपास मराठी शाळा भराभर निघत होत्या, आणि सातवी पास झालेल्या चतुराबाईंच्या हातात खुलताबादच्या मुलींच्या शाळेचा हुकूम आला होता. सोमवारी सकाळी दहाच्या आत रुजू व्हायचं, नाही तर नोकरी यादीतल्या पुढच्या बाईला. मोटार सुटायची दुपारी, आणि आदल्या दिवशी जाऊन राहावं तर तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. उरली नवऱ्याची, म्हणजे नानासाहेबांची सायकल. आणि तिचा मागचा टायर पार झिजलेला.

जुना टायर पारखावा तर नानासाहेबांनीच. सगळी गल्ली त्यांना सोबत न्यायची. "वरच्या नक्षीला भुलू नये. तापल्या सळईनं नक्षी पुन्हा कोरता येते. टायर उलटा करायचा अन् आतलं सूत बघायचं. सूत शाबूत तर टायर शाबूत," असं ते सांगत.

शनिवारी ते शहागंजाच्या बाजारातून, जुने टायर विकणाऱ्या कमरोद्दीनकडून टायर घेऊन आले. "दोन वर्षं हालत नाय, बघ!"

चतुराबाईंनी तो तिथंच उलटा केला. आत सुताच्या नुसत्या चिंध्या लोंबत होत्या.

"तुम्ही उलटून पाह्यलं नाय?"

"अगं, त्यानं चहा पाजला. चहा पिऊन त्याच्यासमोर टायर उलटायचा, म्हंजे त्याला चोर म्हणण्यासारखंच की."

"व्हय का! मी घाटात पडले तरी चालंल, पण कमरोद्दीनला वाईट वाटाया नको!"

रविवारी नवऱ्याला पुढं घालून त्या शहागंजात पोचल्या आणि टायर दुकानाच्या पायरीवर आपटला. कमरोद्दीनचा चेहरा उतरला.

"खुदा कसम भाभी, ढिगातला माल, मीबी आतून बघितला नव्हता. वाटलं, साब पारखी आहेत, उलटतील. खराब निघाला तर दुसरा देऊ. पण साब हात लावताच बोलले, 'क्या टायर है!' मग 'उलटून बघा' म्हणून मेहमानाला झूठा कसं पाडू?"

"तुमची दोघांची अदब ऱ्हाती, अन् माझी नोकरी जाती!" चतुराबाई कडाडल्या.

त्यानं घाईघाईनं दुसरा टायर पुढं केला. चतुराबाई तो उलटायला गेल्या, तर नानासाहेबांनी शरमेनं तो ओढूनच घेतला. "बास कर गं! बिचारा आधीच कानकोंडा झालाय." आणि तिथंच चाकावर चढवूनही घेतला. भर बाजारात नवऱ्याशी झोंबायची ती पद्धत नव्हती. घरच्या वाटेवर मात्र चतुराबाईंनी त्यांना सोडलं नाही.

सोमवारी दोघं पहाटे एकाच सायकलवरून निघाले. घाट चढून झाला, खुलताबाद तीन मैलांवर आलं, आणि मागं बार उडाल्यासारखा आवाज झाला. नानासाहेब वाकले. "आतलं सूतच..."

"आता बघताय व्हय? बघा, निवांत बघा!"

पिशवी उचलून त्या तडक चालू लागल्या. शाळेत पोचल्या तेव्हा सव्वादहा झाले होते. तपासनीस साहेबांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. "बाई, नाव कापलंय."

"कापलं?" पिशवी टेबलावर आदळली. "दोन दिवस दोन गडी एकमेकांचं मन जपत बसले, माझं कुणी जपलं नाय. तीन मैल तंगडतोड करून आले मी, अन् तुम्ही पंधरा मिनिटं मोजताय? लिवा नाव!"

शेजारच्या वर्गात सकाळपासून चाळीस मुली धुडगूस घालत होत्या. तिथं एकदम चिडीचूप झालं. साहेबांनी ती शांतता क्षणभर ऐकली आणि दौतीत टाक बुडवला.

चतुराबाई त्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवत होत्या. तपासनीस साहेब बदलून परभणीला गेले. कमरोद्दीननं जुना माल सोडून नव्या टायरांचं दुकान घातलं, ते चांगलं चाललं. नानासाहेब मात्र होते तसेच राहिले. १९८१ साली छातीत कळ आली म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"झकास! तुमच्या हाताला गुण आहे, डॉक्टरसाहेब."

चतुराबाई स्टुलावरून उठल्या. "खोटं बोलतायत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. नीट तपासा."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. त्यानंतर नानासाहेब नऊ वर्षं जगले.