दौलतभाऊंचं धुराडं

दौलतभाऊंना साखर हवी असली तरी ते मागत नाहीत, प्रवेश करतात. आधी आमच्या फाटकाशी थांबतात, अंगातला मखमली झगा सावरतात, हनुवटी वर करतात आणि मंडपातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "बाई! या घराकडून वाटीभर साखरेची अपेक्षा करावी काय?" पहिल्यांदा माझं दूध उतू गेलं होतं. आता सवय झाली.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी उभी हयात रावसाहेब केला. नाटक कोणतंही असो, त्यात एक श्रीमंत, कडक, मिशाळ रावसाहेब असतोच, आणि तो दौलतभाऊच. दिवाळी झाली की वडशाहून नाटक कंपनीची गाडी निघायची आणि होळीपर्यंत गावोगाव फिरायची. आता गुडघे कुरकुरतात म्हणून ते ब्रह्मपुरीत घरी बसले. बसले म्हणजे माझ्या भिंतीला लागून बसले. झगा मात्र कंपनीला परत केला नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी बैठकीत फायरप्लेस बांधायला काढली. ब्रह्मपुरीत! जिथं मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं, तिथं! मी म्हटलं, "दौलतभाऊ, डोकं ठिकाणावर आहे ना? अंगणात शेकोटी पेटवा की. सगळेच पेटवतात."

"शेकोटी रस्त्याची असते, बाई. फायरप्लेस घराची!"

आता या गृहस्थांनी जन्मात फायरप्लेस पाहिली होती ती एकच, नाटकाच्या पडद्यावर रंगवलेली. पुढे दोन लाकडं आणि त्यांच्याखाली लाल बल्ब. त्याच मापाने त्यांनी बांधून घेतली. बैल आत शिरेल एवढं तोंड! गवंड्याने विचारलं, "भाऊ, धूर कुठून जाईन?" दौलतभाऊ विचारात पडले. पडद्यावरून धूर कधी कुठे गेलाच नव्हता. शेवटी भिंतीतून हातभर पाइप बाहेर काढला आणि काम झालं म्हणाले.

उद्घाटनाला अर्धी गल्ली चहाला होती. लाकडं पेटली, दौलतभाऊ मिशीवर हात फिरवत उभे राहिले आणि मग सगळा धूर पाइपाकडे पाठ फिरवून आमच्याकडे आला. काय बाप्पा, काय धूर! मला माझा कप सापडेना. कोणी खिडकीतून उडी मारली, कोणी चप्पल सोडून पळालं. भिंतीवरची बुद्धाची तसबीर काळवंडायला लागली तशी मी ती काढून माझ्या घरी घेऊन आले. सगळ्यात वाईट हाल कांताबाईंचे झाले. त्या दौलतभाऊंच्या बायको. हळू बोलणाऱ्या, आणि त्यात दमा. अंगणात बसून किती तरी वेळ धापा टाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन लेकीकडे घुग्घुसला निघाल्या. मी म्हटलं, "अहो, तिथं तर नुसती कोळशाची धूळ!"

"धूळ झाडता येते, बाई," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "धूर गेला का सांगजा. तवर मी येत नाई."

कोणत्याही शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी ते भगदाड बुजवून टाकलं असतं. दौलतभाऊ झगा काढून, लुंगी खोचून कामाला लागले. "अजून पडदा पडला नाही!" असं म्हणत ते शिडी चढायचे. पाइप आढ्याच्या वर नेला. ओली लाकडं होती ती काढून खडखडीत वाळलेली आणली. खिडकीची फट उघडी ठेवली. प्रत्येक वेळी धूर थोडा कमी व्हायचा, पण उरलेला माझ्या वाळत घातलेल्या साड्यांत येऊन बसायचा. शाळेत माझ्या वर्गातली पोरं विचारायची, "बाई, तुमच्याकडं रोज भरीत असते काय?"

रोज घुग्घुसला व्हिडिओ कॉल. फोन फायरप्लेसपुढे धरायचा आणि विचारायचं, "दिसतो काय धूर? सांग!"

"धूर दिसत नाई," पलीकडून कांताबाई म्हणायच्या, "पन तुमी खोकलून राह्यले." आणि फोन ठेवायच्या.

एका रविवारी मी वैतागून भांडायलाच गेले. दौलतभाऊ एक पत्रा फायरप्लेसच्या तोंडावर धरून बसले होते. पत्रा खाली सरकवला, तोंड अर्धं झाकलं की धूर मुकाट्याने वर जायचा. पत्रा काढला की बाहेर. पुन्हा खाली, पुन्हा वर. मलाही कळलं, तोंडच फार मोठं झालं होतं.

"मग बुजवा ना अर्धं!" मी म्हटलं.

"अर्धं बुजवलं तर चूल दिसन."

"दिसू दे! बायको तिकडे लेकीच्या दारात बसलीय आणि तुम्हाला रावसाहेबाची शान पडलीय!"

दौलतभाऊंनी पत्रा खाली ठेवला. मग बोलले ते रावसाहेबाच्या भाषेत नव्हे, घरच्या.

"बाई, हिवाळाभर मी रोज स्टेजवर असा जाळापाशी बसलो. बाजूले बायको. म्हंजे नाटकातली. तिले शाल पांघरून देल्ली, चहा देल्ला, दिवसभर काय केलं थेबी विचारलं. जाळ म्हंजे लाल बल्ब, आन् बायको दरवर्षी वेगळी. आन् कांता इथी एकटी. तिचा दमा थंडीतच उसळते. मी कधी नव्हतोच."

माझं भांडण जिथल्या तिथे विरलं. "हे त्यांना सांगितलंत का?"

"थे सांगाले जमत नाई ना, बाई."

मग ते उठले आणि विटा आणल्या. गवंड्याला बोलावलंच नाही. स्वतः सिमेंट कालवलं, स्वतः थर रचले, एक थर वाकडा गेला तो उखडून पुन्हा लावला. तोंड अर्ध्यावर आलं. दिसायला अगदी चूलच, तीही जरा तिरकी. ओलावा वाळल्यावर त्यांनी आत लाकडं पेटवली. धूर सरळ वर गेला. दौलतभाऊंनी फोन केला आणि एवढंच म्हणाले, "ये."

कांताबाई संध्याकाळच्या बसने आल्या. तसबीर परत द्यायला मीही गेले होते. त्यांनी दारातच थांबून नाकाने वास घेतला, मग आत येऊन ते तिरकं तोंड पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. दौलतभाऊंनी खुर्ची पुढे ओढली, शाल दिली, चहाचा कप हातात दिला आणि शेजारी बसले. लाकूड तडतडत होतं.

"बोला ना काई," कांताबाई म्हणाल्या. "एरवी त अख्खं गाव जागं करता."

"काय बोलू? हे कोनी लिहून देल्लंच नाई."

कांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शालीचं एक टोक त्यांच्या गुडघ्यावर टाकलं.

"मंग नका बोलू," त्या म्हणाल्या. "पन उठू नका."