टेहळ्याची धडधड

एका जंगलात, बाळांनो, जिथे अजून रस्ता पोहोचला नव्हता पण पुरस्कार पोहोचले होते, वानरांची एक टोळी राहायची. दगडोबा तिचा टेहळ्या. उंच झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि वाघ दिसला की ओरडायचं, हे त्याचं काम.

एकदा वाघ त्याला उशिरा दिसला. एक पिल्लू गेलं.

तेव्हापासून दगडोबाच्या छातीत धडधड सुरू झाली. घास गिळवेना, झोप येईना. वाळकं पान पडलं तरी तो ओरडू लागला.

टोळी खूश झाली.

"याला म्हणतात तळमळ," टोळीप्रमुख हंबीरराव म्हणाले. त्यांनी त्याला 'आदर्श टेहळ्या' पुरस्कार दिला. घेताना दगडोबाचे हात थरथरत होते.

"किती विनम्र," सगळे म्हणाले.

त्याची बायको सारजा मात्र काळजीत पडली. "अहो, पिल्लू गेलं त्यात तुमचा काय दोष?"

"मग कोणाचा?"

"वाघाचा."

त्याला ते पटेना. शेवटी सारजा त्याला ओढ्यापलीकडे घेऊन गेली. तिथे खवल्या मांजरांपैकी एक वैदीणबाई राहायच्या. घाबरलं की अंगाचा गोळा करणाऱ्यांची जात, त्यामुळे भीती त्यांना घरचीच. त्यांनी अंगारा दिला नाही. 'चांगले विचार करा' असंही म्हणाल्या नाहीत.

"काय होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. दगडोबा आधी नुसता रडला, मग बोलला. पुढे तो तिथे जात राहिला, त्यांनी दिलेली औषधी मुळीही चघळत राहिला. हळूहळू झोप लागू लागली. आता तो वाघ दिसला तरच ओरडायचा. सगळे वेळेवर झाडावर चढायचे.

टोळीत कुजबुज सुरू झाली.

"आता नुसता बसून असतो."

"काल तर हसत होता."

हंबीररावांनी त्याला बोलावलं. "दगडोबा, तुमची तळमळ कमी झालीय."

"पण मी बरा झाल्यापासून एकही पिल्लू गेलेलं नाही, साहेब."

"तेच म्हणतोय. धोका आहे असं कोणाला वाटेनासंच झालंय. मग मला कोण विचारणार?"

दगडोबाला काढलं. त्याच्या जागी रखमा नावाची तरुण वानरी बसवली आणि दिवसभर ओरडायला सांगितलं. ती ओरडायची. काही दिवसांनी वर बघणंही सगळ्यांनी सोडून दिलं. मग खरोखरच वाघ आला. रखमा जीव तोडून ओरडली. कोणी हललं नाही. दोन पिल्लं गेली.

रखमाच्या छातीत धडधड सुरू झाली.

टोळी निश्चिंत झाली.

तात्पर्य : मन आजारी पडायला हरकत नाही, बाळांनो. फक्त ते चारचौघांच्या उपयोगी पडेल असं आजारी पडावं. आणि बरं व्हायचंच असेल, तर कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने व्हावं.