राजाचा राखाडी कोट

जुन्या इंग्रजीतलं अवघड नाटक तुम्ही कधी शिंप्याच्या दुकानात बसून समजून घेतलंय का? आमच्या शिंपीदादांनी ते करून दाखवलं, तेही लेकीसाठी.

लेक अकरावीत. नाटकाच्या तोंडी परीक्षेत अख्ख्या वर्गासारखी तीही दोनदा नापास झालेली. उद्या सकाळी तिसरी आणि शेवटची संधी. शब्दकोश उघडून बिचारी एकेक ओळ लावायची, पण ओळ लागेपर्यंत ती म्हणतंय कोण हेच विसरायची.

“बाबा, हा राजा मरायला तीन पानं घेतो. तोवर मलाच झोप लागते.”

“त्याचं माप घेतलं नाहीस म्हणून,” शिंपीदादा म्हणाले. (कुठल्याही अडचणीवर त्यांना हा एकच उपाय ठाऊक.) “माणूस समोर उभा राहिला की त्याचं बोलणं कळतं.”

त्यांनी दांडीवरचे शिवून झालेले कपडे पुढे ओढले. पिवळा झगा राणी झाला, बिनबाह्यांचं जाकीट कपटी भाऊ, आणि राखाडी कोट राजा. लेक अर्थ सांगेल तसा ते चिठ्ठीवर उतरवून कपड्याच्या पाठीला टाचत गेले. कोटावर लिहिलं, ‘हा महामूर्ख राजा. भावाच्या गोड बोलण्याला भुलला, राणीचं ऐकलं नाही, म्हणून राज्य गेलं.’

मग कोटाच्या बाह्या हलवत दादा तीन पानं मेले. लेकीने जाकीट नाचवलं. हसून हसून दोघांची पुरेवाट झाली, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं नाटक तिच्या डोक्यात बसलं. दादा खुशीत चहा प्यायला आत गेले.

परत येतात तर दांडीवर राजा नाही.

“अगं, राखाडी कोट कुठंय?”

“सर घेऊन गेले,” बायको म्हणाली. “छान कागदात बांधून दिला.”

“कुठले सर?”

“हिचे, इंग्रजीचे. उद्या परीक्षेला घालणार म्हणाले.”

“त्याची पाठ बघितलीस का?” दादांनी विचारलं.

“मी बटणं बघितली. पाठ बघायला काय झालं होतं?”

लेकीने सांगितलं काय झालं होतं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. “आता ते मला जन्मात पास करणार नाहीत, बाबा.”

दादा तसेच चपला अडकवून सरांच्या घरी धावले. दाराला कुलूप. सर बहिणीकडे मुक्कामाला गेले होते, तिथूनच परस्पर शाळेत जाणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर नवा कोट घालून वर्गात आले आणि मुलांकडे पाठ करून फळ्यावर प्रश्न लिहिला, ‘राजाचं राज्य का गेलं?’ लेकीने खाली मान घालून उत्तर दिलं, बाकीच्यांनी सरांच्या पाठीकडे बघून दिलं, आणि अख्खा वर्ग पास झाला. मधल्या सुट्टीत सर दुकानात आले, कोट काढताना हाती लागलेली ती चिठ्ठी त्यांनी शिंपीदादांच्या पाठीला टाचली, आणि बायको म्हणाली, “माप अगदी बरोबर बसलंय.”