न चाखलेली आमटी

आयुष्यात मी आमटी कधी चाखून पाहिलेली नाही, आणि तिच्यातलं मीठ कधी चुकलेलं नाही!

हे मी बढाई म्हणून सांगत नाही हो. बढाई मारायची नाही, असा माझा बुधवारचा नेमच आहे. आज गुरुवार आहे म्हणून बोलले, इतकंच.

आमच्या घरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी काही तोंडात घालत नाही, आणि स्वयंपाक करणारीनं तर फोडणीचा वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही, ही सासूबाईंची शिस्त. त्यामुळे मिठाचा अंदाज माझ्या बोटांतच मुरलेला. सासूबाईंनी नगरातल्या यच्चयावत सुनांना नावं ठेवली, पण माझ्या आमटीबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि ह्यांचं पान तर असं स्वच्छ, की डाव्या बाजूला वाढलेलं मीठसुद्धा उरत नाही. अन्नाचा केवढा तो मान!

तर एकाहत्तरच्या श्रावणाची गोष्ट. हे तेव्हा नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मसाल्याच्या कारखान्यात नुकतेच लागले होते. लागले म्हणजे काय, तात्पुरते. त्याआधी श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांची नोंद ठेवायचे. उन्हात उभं राहून ह्यांचा रंग काकवीसारखा झाला होता! इथे डोक्यावर पत्रा तरी होता. सावेडीच्या माळावर दोन खोल्या घेतल्या, तुळस लावली, आणि मी रोज देवापुढे हात जोडून एकच मागायची, "ह्यांना इथे कायम कर."

कारखान्याचे मालक नृसिंहराव. माणूस भाविक. चैत्रात आमच्याकडे सत्यनारायणाला जेवायला आले, तेव्हा पंगतीत दोनदा मीठ मागून घेतलं. मला भरून आलं. एवढा मोठा मालक, पण मीठ-भाकरीवर वाढलेला! तर हे नृसिंहराव मुंबईला जाऊन कसलंसं व्याख्यान ऐकून आले, आणि आल्या आल्या त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"शामकांत!" ते ह्यांना म्हणाले. "जगात कंपन्या वर्षाला चार चार नवे माल काढतात. आपल्याला कांदा-लसूण मसाला काढायला चार वर्षं लागली! का? तर हा त्याला विचारतो, तो ह्याला विचारतो. यापुढे विचारायचं नाही. ज्याला जी सुधारणा सुचेल ती त्यानं करून टाकायची! आणि एकाचं झाल्यावर दुसऱ्यानं सुरू करायचं नाही. सगळ्यांनी एकदम!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूनं मोठ्ठी अक्षरं उमटली: विचारू नका, करा! थांबू नका, धावा!

नवा माल ठरला उपासाची झटपट आमटी. पूड गरम पाण्यात घाला, ढवळा, भगरीवर ओता, झाली एकादशी! पुण्याचा कुणी कारखानदार हेच करतोय अशी कुणकुण होती, म्हणून श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी व्यापाऱ्यांना बोलावून माल दाखवायचाच, असं मालकांनी जाहीर केलं. कामाचे प्रमुख हे. "जमलं तर कायम," मालक म्हणाले. "नाही जमलं तर..." पुढचं बोलले नाहीत. मला मात्र उसाच्या गाड्या दिसायला लागल्या.

पाकिटं छापून आली तेव्हा शेंगदाणे यायचे होते. व्यापाऱ्यांना आमंत्रणं गेली तेव्हा कृतीच ठरायची होती. बारशाच्या घुगऱ्या वाटून झाल्यावर मुलगी बघायला निघावं, तसला प्रकार!

"अगं, कृती तूच सांग," हे एका रविवारी म्हणाले. "उपासाच्या आमटीत तुझा हात कोण धरणार?"

मी सांगितली. दाण्याचं कूट, जिरं, मिरची, आमसुलाची पूड, गूळ आणि मीठ. ह्यांनी कारखान्यात जाऊन दळणावरच्या कानिफनाथांना सांगितली. मशिनं धडधडली, पिंपं भरली, पाकिटं बंद झाली. चाखलं कुणीच नाही! कारण कारखान्याची रीतच तशी. नव्या मालाचा नैवेद्य आधी ऑफिसातल्या गणपतीला, मग माणसांना. कांदा-लसूण मसाल्याच्या वेळी तेवढी पंचाईत झाली होती. देवाला नुसतं पाकीट दाखवलं होतं, बंद!

सोमवार उजाडला. माझा कडक उपास, दिवेलागणीपर्यंत पाणीसुद्धा नाही. नैवेद्याची परडी मांडीवर घेऊन मी ह्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. प्रेमदान चौक... छे, तेव्हा चौक कुठला, नुसता माळ! त्या माळावर हे हळूच म्हणाले,

"अगं, मीठ बरोबर असेल ना?"

"माझं कधी चुकलंय?"

"छे, छे! तसं नाही." दोन पायडलं मारून झाली. "तरी मी आपलं... दुप्पट सांगितलं."

मी कॅरिअरवरून पडायचीच राहिले! "अहो, का पण?"

"तुझा रविवारी अळणीचा नेम असतो ना. तू कृती सांगितलीस तो रविवार. म्हटलं, बोटं चुकली असतील."

दुप्पट म्हणजे काय, तहान लागेल जरा, असं म्हणून मी मनाला समजावलं. कारखान्यात पोचलो तर दारातच कानिफनाथ उभे. पांढऱ्या भुकटीनं माखलेला माणूस, मारुतीला शेंदराऐवजी पीठ थापल्यासारखा! कानिफनाथही चैत्रात आमच्याकडे जेवून गेलेले.

"वैनी, काळजी करू नगा," ते म्हणाले. "म्या समदं सांबाळून घेतलंय. मीठ वाईच वाढवलं."

"तुम्ही? का हो भाऊ?"

"न्हाई, तुमचा त्यो अळणीचा नेम हाय म्हनून. साहेबांना इचारनार हुतो, पर फळ्यावर लिवलंय ना, इचारू नगा!"

मी तशीच आत शिरले. पाकीटबंदीच्या खोलीत गेले, तर लंकाबाईनं मला बघून पदर तोंडाला लावला. सत्यनारायणाच्या भांड्यांना हीच आली होती, जेवूनच गेली होती.

"लंकाबाई, तू तर काही घातलं नाहीस ना गं?"

"न्हाई बाई! म्या कशाला काय घालू?" ती म्हणाली. मग जमिनीकडे बघत, "मीठ तेवढं घातलं. पसाभर. तुमी नेमाधर्माच्या, तुमाला कुठलं आलंय मिठाचं ध्यान!"

मी धावतच मालकांकडे गेले. माझा आवाज मुळात पोथी वाचायचा, शेजारच्या पाटावर बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येणारा. वर दळणाची घरघर.

"अहो नृसिंहराव, थोडं थांबू या का? मला वाटतं..."

"धावायचं, वहिनी, धावायचं!" असं म्हणून मालक धावले.

शेडमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. जिल्ह्याभरातले व्यापारी फेटे-टोप्या सांभाळत बसले होते. अग्रभागी श्रीगोंद्याचे आप्पासाहेब, ज्यांच्या एका शब्दावर बाकीच्यांची दुकानं चालायची. स्टोव्हवर पातेलं चढलं. मी मनात म्हटलं, पाणीच दुप्पट ओतू! पण पेला मालकांच्या हातात!

"पाकिटाला दोन पेले! कमी नाही, जास्त नाही!" ते जादूगारासारखे पेला वर धरून सांगत होते. मी हळूच तिसरा पेला पुढे केला.

"वहिनी, पाकिटावर दोनच छापलेत!"

मग मी परडीतले उकडलेले बटाटे पातेल्यात सोडले. बटाटा मीठ शोषतो म्हणतात. मालकांनी ते झाऱ्यानं एकेक करून बाहेर काढले. "पाकिटात बटाटा नाही, वहिनी!"

कोपऱ्यात हे उभे होते. कपाळावर घाम, हातात रुमाल, तोही घामानं ओला. कानिफनाथ त्यांच्या कानाशी लागून काही बोलले, मग लंकाबाई बोलली. बघता बघता ह्यांचा चेहरा पुन्हा काकवीच्या रंगाचा झाला. समजलं होतं तर सगळं!

गणपतीपुढे वाटी ठेवली. मी पाणी फिरवलं. "देवा," मी म्हटलं, "तू जेवून घे, पण पाणी भरपूर पी. आणि ह्यांची नोकरी तेवढी सांभाळ."

पानं वाढली. भगर, वर आमटी. आप्पासाहेबांनी पहिला घास घेतला.

त्यांच्या मिशा आधी वर गेल्या, मग खाली आल्या. डोळे मोठे झाले, मग बारीक झाले, मग त्यांत पाणी तरारलं. मी डोळे मिटून घेतले. आता पान भिरकावतील! पण कुणी काही बोललंच नाही. उघडून बघते तर शेडमधले सगळे मान खाली घालून, औषध घेतल्यासारखे, एकामागून एक घास गिळतायत. पानं लख्ख! मग मात्र सगळे जे उठले ते थेट रांजणाकडे. कापूरवाडीचा अख्खा तलाव आणून ओतला असता तरी त्या दिवशी पुरला नसता!

"बघा!" मालक हर्षानं ओरडले. "थेंब उरला नाही! आप्पासाहेब, आणखी वाढू?"

"नगं!" आप्पासाहेब दोन पावलं मागे सरले. "म्हंजी... बाकीच्यांनाबी गावू द्या की परसाद."

"चव कशी वाटली?"

"आता परसादाला कशी चव म्हनायची, मालक? परसाद त्यो परसाद! त्याला नाव ठेवू न्हाई, पानात टाकू न्हाई."

"मग दुकानासाठी किती खोकी पाठवू?"

"आदी ह्यो पचू द्या," म्हणाले, आणि आणखी एक तांब्या घशात ओतून निघून गेले. त्यांच्यामागे सगळेच गेले. खोकं कुणीच मागितलं नाही.

मालक बुचकळ्यात पडले. त्यांचाही दिवेलागणीपर्यंत उपास. "शामकांत, संध्याकाळी मी याच आमटीवर उपास सोडतो. मग बोलू. तोवर तुम्ही दोघं थांबा."

ती दुपार कशी गेली ते माझं मला माहीत. मी जप करत होते, पण माळेच्या प्रत्येक मण्याला उसाची गाडीच आठवत होती. हे पत्र्याखाली येरझाऱ्या घालत होते. "श्रीगोंद्याला परत घेतील का गं?" एकदा विचारलं. मी म्हटलं, "अहो, असं बोलू नका," आणि तोंड फिरवलं.

दिवा लागला. मालकांनी हात जोडले, घास घेतला. घास तोंडात, हात हवेत, आणि माणूस देवळातल्या नंदीसारखा गप्प! गिळला मात्र. प्रसाद होता ना.

"मीठ," शेवटी ते खरखरत म्हणाले, "कोणी घातलं?"

"मी दुप्पट सांगितलं," हे म्हणाले.

"वर म्या वाढवलं," कानिफनाथ.

"मंग म्या," पदराआडून लंकाबाई.

"म्हणजे वहिनींचं, तुमचं, कानिफनाथाचं, लंकाबाईचं," मालक बोटं मोजत बोलत होते, "आणि माझं धरून..."

आणि थांबले!

"मालक, तुमचं?" ह्यांनी विचारलं.

"शनिवारी चक्कर मारली तेव्हा," मालक माझ्याकडे न बघता पुटपुटले, "पिंपात एक ओंजळ... वहिनींचा अळणीचा नेम असतो म्हणून. विचारणार होतो, पण नियम माझाच!" त्यांनी फळ्याकडे बघितलं, उठले, आणि धोतराच्या सोग्यानं तो पुसून टाकला. "आता कुणाला काढायचं तर आधी मला काढावं लागेल. शामकांत, तुम्ही कायम! यापुढे नैवेद्याचं वेगळं काढायचं, आणि प्रत्येक माल तुम्ही आधी चाखायचा. चाखून खरं काय ते तोंडावर सांगायचं. हीच तुमची नोकरी!"

परतताना कॅरिअरवर बसून मी सगळ्या देवांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी आनंदानं साधीच पण मनापासून आमटी केली, नैवेद्य दाखवला, ह्यांना वाढली. ह्यांनी भुरका मारला. डोळे मिटले. कायम झालेला माणूस, नोकरी अंगात भिनलेली!

"अगं," म्हणाले, "मीठ कमी आहे."

"आज घाईत पडलं असेल कमी."

"आज नाही गं." हे पानाकडे बघत राहिले. "रोजच."

"रोज? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"प्रसादाला नावं कशी ठेवायची?"

तेवढ्यात ह्यांचा हात सवयीनं पानाच्या डाव्या बाजूला गेला, आणि मीठ चिमटीत धरून आमटीकडे निघाला.

आणि मी वेडी दर वेळी पान उचलताना म्हणायची, किती नेटका माणूस, मीठसुद्धा टाकत नाही!