ग्रंथपालांची वीजविक्री

छतावर सोलर पॅनल बसले आणि निवृत्त ग्रंथपालांनी घरातले पंखे दुपारचे बंद केले.

"ऊन फुकट, वीज फुकट, मग पंखा का नाही?" बायकोने विचारले. घाम शिवायच्या पडद्यावर पडू नये म्हणून ती मान तिरकी करून बसली होती.

"अगं, आपण वापरली नाही की ती वीज कंपनीला विकली जाते. कमी भावाने का होईना, बिलातून वजा होते."

"आणि रात्री?"

"रात्री आपण त्यांच्याकडून घ्यायची."

"म्हणजे दुपारी देऊन यायची आणि रात्री मागून आणायची? त्यापेक्षा दुपारीच वापरू की."

ग्रंथपालांना ते पटत होते. पण नव्या शिलाई मशीनसाठी तिने साठवलेले पैसे त्यांनी पॅनलात घातले होते, तेही 'पहिलंच बिल शून्य आलं नाही तर नाव बदलीन' असे छातीठोकपणे सांगून. आता माघार घेतली तर जन्मभर ऐकून घ्यावे लागले असते. त्यांनी इस्त्री बंद केली. मग ऐन ऑर्डरीच्या दिवसांत तिच्या जुन्या मशीनची पिनही काढली.

बायको भांडली नाही. मशीन उचलून शेजारी मोठ्या दिरांकडे गेली. पाठोपाठ इस्त्री गेली. ग्रंथपाल मीटरसमोर खुर्ची टाकून बसत; पण उकाडा असह्य झाला की त्यांचेही पाय शेजारी वळत. वहिनींचा पंखा पाचावर असे. तिथे त्यांना गाढ झोप लागे.

महिनाअखेर बिल आले. शून्य! ते नाचवतच ग्रंथपाल शेजारी गेले. वहिनींनी कौतुक केले आणि स्वतःचे बिल पुढे ठेवले. ते दुपटीवर गेले होते.

"मशीन, इस्त्री आणि तुमची दुपारची झोप," वहिनी म्हणाल्या. "जास्तीचं तेवढं तुम्ही भरा, भावोजी."

"पण तुमच्याकडे येते ती वीज आमच्याच छतावरची. पॅनलवाल्यानेच सांगितलंय, उरलेली शेजारी जाते म्हणून."

"असेल. कंपनी आम्हाला पूर्ण भाव लावते."

ग्रंथपालांनी बोटांवर हिशोब केला, पुसला, पुन्हा केला. मग हळूच बायकोकडे वळले. "म्हणजे आपलीच वीज आपण स्वस्तात विकली आणि इथे येऊन महागात वापरली?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ती दोरा ओवत म्हणाली. "शून्य हवं होतं, ते आलं ना?"

ग्रंथपाल दोन्ही बिलांकडे आळीपाळीने बघत राहिले. वहिनी उठल्या आणि बटणापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"झोपणार असाल तर पंखा ठेवते, भावोजी. नाहीतर बंद करते. फुकट जाळायला आमच्याकडे काही सोलर नाही."