गोदाक्काची झोप

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वलीण राहत होती. तिचं नाव गोदाक्का. तिच्याच झाडावर वरच्या फांदीला सरू साळुंकीचं बिऱ्हाड होतं. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं कुणाशी वाजलं, हे त्या घरच्यांच्या आधी सरूला कळायचं. पण मनानं वाईट नव्हती हो. कुणाचं पिल्लू आजारी पडलं तर सगळ्यात आधी तीच पोचायची.

गोदाक्काचं मात्र सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दुपारी पोटभर मोहाची फुलं खायची आणि झोपायची. झोपेत तिचा चेहरा असा काही गोड व्हायचा की सरू वरून बघतच राहायची. "हिला एवढं सुख कसलं?" हा प्रश्न सरूला स्वस्थ बसू देईना.

त्याच सुमारास जंगलात नीळकंठबुवा मोरांचं प्रवचन लागलं. पिसारा फुलवून बुवा म्हणाले, "आपल्या आत्म्यावर पाच कोश असतात. कोबीच्या पानांसारखे, एकात एक. वरचा अन्नाचा, मग प्राणाचा, मनाचा, बुद्धीचा. अगदी आतला आनंदाचा. गाढ झोपेत जीव तिथं जाऊन येतो."

"अगं बाई!" सरू ओरडली. "मग आमच्या गोदाक्का रोज दुपारी तिथंच असतात की!"

झालं. सगळी सभा उठली आणि गोदाक्काच्या झाडाखाली आली. गोदाक्का घोरत होती. माकडांनी तिला गदागदा हलवून उठवलं.

"आक्का, कसं वाटलं आत?" बुवांनी विचारलं.

गोदाक्कानं डोळे चोळले. "कसं म्हणजे? काही कळलं नाही बाबा. बरं वाटलं."

बुवांचे डोळे भरून आले. "शास्त्रात अगदी हेच लिहिलंय!"

दुसऱ्या दिवसापासून झाडाखाली मंडप आला. आता एवढ्या थोर झोपेची व्यवस्था नीट नको का ठेवायला? देवाला झोपवतात, उठवतात, तसं रीतसर सुरू झालं. आक्का झोपायच्या आधी शेजारती. टाळ, मृदंग आणि कोल्ह्यांचं भजनी मंडळ. ते संपून आक्काचा डोळा लागतो न लागतो तोच काकडआरती. आनंदातून जागं करायला नको का कुणी? हरणांनी एक शाल आणली, सशांनी दुसरी. कोश पाच, म्हणून शालीही पाच. भर वैशाखात त्या सगळ्या गोदाक्काच्या अंगावर.

आठवडाभरात गोदाक्काच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. म्हणजे अस्वलाच्या काळ्या तोंडावर ती दिसत नाहीत, पण सरूला दिसली.

एका सकाळी बाकीचे शाली झटकत होते, तेव्हा गोदाक्का हळूच म्हणाली, "सरू, हे तुझं काम. आता तूच निस्तर. मला तो आनंद नको गं, नुसती झोप दे. नाहीतर मी एखाद्या दिवशी कुणाला तरी चावेन."

सरूनं लगेच पंख झटकले. ती बुवांकडे गेली.

"बुवा, आक्कांना जरा झोपू द्या हो."

"वेडे," बुवा हसले, "जी आनंदातच आहे, तिला झोपेची काय गरज?"

सरू डोकं खाजवत परत आली. तेवढ्यात नैवेद्याची वेळ झाली. देव जेवतो तेव्हा कुणी बघायचं नसतं, म्हणून माकडांनी पडदा ओढला. सरूनं तो पडदा पाहिला आणि तिची चोच आनंदानं उघडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या वेळी पडद्याआड शालींखाली वाळलेलं गवत भरलं गेलं, आणि गोदाक्का मागच्या ओढ्यानं पसार झाली.

"सरू, एवढं पोटात ठेव हं," जाता जाता ती म्हणाली. "तुझ्या पोटात काही राहत नाही, पण एवढं ठेव."

"आईशप्पथ," सरू म्हणाली.

पडदा उघडला. शालींचा ढीग शांत होता. "आज हालचालसुद्धा नाही!" ससे भारावून म्हणाले. "घोरणंही थांबलं!" हरणं म्हणाली. "प्राणाचाही कोश सुटला," बुवांनी खुलासा केला. गर्दी दुप्पट झाली. खरं सांगायचं तर गवताचं सगळ्यांशी गोदाक्कापेक्षा बरं जमलं. ते चिडत नव्हतं.

इकडे सरूचा जीव कासावीस. रोज गुपित गळ्याशी यायचं आणि ती ते गिळायची. तिला जेवण जाईना.

शेवटी एका प्रवचनात बुवांनी विचारलं, "या पाच शालींच्या आत कोण आहे? सांगेल कुणी?"

"कोणी नाही!" सरूच्या तोंडून निघून गेलं. "आत कोणीच नाही!"

सरूनं डोळे मिटून घेतले. आता गोदाक्काला शोधून आणणार, पुन्हा टाळ, पुन्हा शाली!

बुवांचा पिसारा थरथरला. मग ते दोन्ही पंख उचलून गरजले, "ऐकलंत! कोश सोलत गेलं की आत 'मी' म्हणून कोणी उरतच नाही! आजवर मी सांगत होतो, हिनं पाहिलं!"

टाळ वाजले. सहावी शाल आली, ती थेट सरूच्या डोक्यावर.

"साळुंकीबाई, कसं वाटतंय आत?" माकडांनी तिला हलवत विचारलं.

सरू शालीखालून निसटली ती थेट ओढ्यापलीकडे. तिथं करवंदीच्या जाळीत गोदाक्का ढाराढूर झोपली होती. सरूला सगळं सगळं सांगायचं होतं. पिसारा, शाल, बुवांचा चेहरा! अशी बातमी तिला जन्मात मिळाली नव्हती.

तिनं चोच उघडली. गोदाक्काकडे पाहिलं. चोच मिटली.

मग ती जाळीवरच्या फांदीवर बसली आणि इकडे कोण येतंय का, यावर नजर ठेवू लागली.

तात्पर्य : खरा आनंद आपल्या आतच असतो, हे अगदी खरं आहे. पण तो सापडलाच, तर शेजारीपाजारी कळू देऊ नये. आणि कळलंच, तर मंडपाला मागून वाट आहे ना, एवढं आधी बघून ठेवावं.